सगळ्यांचा एकच नंबर

टाळ्या पुन्हा आकांक्षालाच! कुंदनच्या पोटात दुखायला लागलं. अमरावतीहून एकाच बसने अकोल्याला रोबोंच्या स्पर्धेसाठी आले होते दोघं, एकाच वर्गातले. दिवाळीपर्यंत ही पोरगी त्याच्याच टीममध्ये तारा जोडत होती. आता परीक्षक तिच्या रोबोचे फोटो काढत होते. फायनलला कुंदन आधीच पोचला होता, पण त्याच्या रोबोकडे कुणी वळून बघेना. जळणार नाही तर काय करेल माणूस?

ही सेमीफायनल ती जिंकली, की फायनल तिच्याशीच. आणि तिच्यापुढे आपला टिकाव लागायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

काल तीच सांगायला आली होती, "कुंदन, रिमोटच्या रेडिओचा नंबर बदलून घे बरं. समद्यांनी एकाच सीनियरचा प्रोग्राम उतरवला हाय, म्हनून नंबरबी समद्यांचा एकच. कोनाच्याबी रिमोटनं कोनाचाबी रोबो चालन."

"मले शिकवू नको तू."

मोठी आली शहाणी! नंबर काही त्याने बदलला नाही. पण गोष्ट डोक्यात राहिली. लोकांना सांगत फिरणारे स्वतः थोडंच करतात?

तिचा रोबो चेंडू घेऊन मैदानातल्या खड्ड्याच्या कडेकडेने निघाला. कुंदनने मांडीवरच्या दप्तरात हात घातला, रिमोट चालू केला आणि दांडी पुढे रेटली. जा मर खड्ड्यात!

रोबो आपला सरळच चालला होता. त्याने दांडी आणखी दाबली.

मागे धाडकन आवाज झाला. कुंदनने सकाळी तपासून टेबलावर ठेवलेला त्याचाच रोबो सुसाट पळत फरशीवर आपटला होता. तो बंद करायचं घाईत राहूनच गेलं होतं. एक चाक निखळलं, सांगाड्याचे दोन तुकडे झाले.

आकांक्षाने खेळ अर्धाच टाकला आणि ती धावत आली. तिकडे घड्याळ चालूच होतं. फरशीवर बसून तुकडे गोळा करताना तिचे डोळे भरून आले.

"म्या म्हनलं होतं ना तुले!" ती म्हणाली. मग गर्दीकडे वळून कडाडली, "माह्या दोस्ताचा रोबो कोनं पाडला? ठेवा समद्यांनी आपापले रिमोट टेबलावर, कोनाचा चालू हाय ते पाहू!"

पहिला तिने स्वतःचा ठेवला. मग एकेक जण पुढे येऊ लागला. कुंदनचा हात अजून दप्तरातच होता.