शेवटची वीत

कडूमिस्त्रीने पहिला लिव्हर सायकलच्या टायरच्या कडेखाली सारला, डाव्या गुडघ्याने दाबून धरला आणि दोन तारा सोडून दुसरा घातला. सगळं एकट्या उजव्या हाताने. डावा हात मांडीवर नुसता पडून होता. लकवा मारून गेल्याला तीन महिने झाले होते. दुसरा लिव्हर त्याने कडेने ओढत नेला, तशी टायरची कड रिमवरून सुटत सुटत पार गोल फिरून आली. आतल्या ट्यूबला ओरखडासुद्धा नाही.

"क्या बात है काका! एका हातात खोललं!" सायकल घेऊन आलेलं गिऱ्हाईक, अक्षय, म्हणाला. त्याला दोनच्या पाळीला पावरलूमवर पोचायचं होतं, पण घाई विसरून तो उकिडवा बसून बघत होता.

"उतरवतो कोणीही," कडू म्हणाला. "मिस्त्री कळतो चढवताना."

आणि आज तेच तर कळायचं होतं. सकाळी योगेंद्र, त्याचा मुलगा, म्हणाला होता, बाबा, बस झालं आता, टपरी विकून टाकू. कडू तापला. तापला की माणूस शब्द देऊन बसतो. आज एक टायर हाताने चढवून दाखवतो, नाही चढला तर संध्याकाळी किल्ली तुझी, असं तो बोलून बसला.

राजघाटाच्या उतारावरच्या या टपरीत, कडूला काम शिकवणाऱ्या उस्तादाच्या वेळेपासून, दोन नियम होते. लिव्हर उतरवायला, हात चढवायला. लोखंडाने टायर चढवला की आत ट्यूब चिमटते आणि गिऱ्हाईक कोसभर जाऊन शिव्या देतं. दुसरा नियम असा, की ज्याने टायर चढवला त्याने आधी हात धुवायचे आणि दुसऱ्याने पाणी घालायचं. कडूने सहा वर्षं उस्तादाच्या हातावर पाणी घातलं. मग एका दुपारी उस्तादानेच तांब्या उचलला. त्या दिवसापासून लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले.

नवा टायर चढत गेला. वॉल्व्हजवळची शेवटची वीत राहिली आणि तिथे अडला. उजवा अंगठा एका टोकाला रेटायचा, की दुसऱ्या टोकाची कड रिमवरून निसटायची. ते टोक धरायचं काम डाव्या अंगठ्याचं, आणि त्या बिचाऱ्यात मुंगी दाबायचाही जोर नव्हता. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा तर हातभर सुटला. कडूच्या नाकावरून घाम टपटपायला लागला.

"काका, लिव्हर मार दो ना, फटाक से बैठेगा. कोण पाहून राहिलं इथं?"

"मी पाहून राहिलो!" कडू खेकसला. पण खेकसता खेकसता त्याचा हात लिव्हरकडे सरकलाच.

"अहो, राहू द्या तो."

डबा घेऊन आलेली मनकर्णा, त्याची बायको, खोक्यावर बसून होती. लग्नसराईत तिच्या हातचे मांडे नेपानगरपर्यंत जातात, एवढी तिची ख्याती. टपरीतल्या कामाला मात्र तिने कधी बोट लावलं नव्हतं.

"तुला काय कळतं वं यातलं?"

"यातलं नाही कळत, कणकेतलं कळतं. टोकाला ओढून मांडा मोठा होतो का कधी? फाटतो. ढील मागून आणावी लागते." पदर खोचून ती चाकाच्या पलीकडे मांडी घालून बसली. "आणि तीस वर्षं डबा घेऊन येते मी. डोळे काय घरी ठेवून येत होते?"

अक्षय फिसकन हसला. कडू हसला नाही. ढील कुठून आणायची हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्या कामाला दोन धड हात लागतात, आणि दुसरा हात मागायचा कोणाकडे, ते मात्र त्याला कधी जमलं नव्हतं.

मनकर्णाने पार समोरच्या टोकापासून सुरुवात केली. दोन्ही तळव्यांनी टायर दाबायचा, कड रिमच्या मधल्या खोलगट भागात बसवायची, आणि जेवढी ढील निघेल तेवढी त्याच्याकडे सारत आणायची. घाई नाही, ओढाताण नाही. मनगटावर मांडा फिरवावा तसे तिचे तळवे रबरावरून सरकत होते. कडू बघतच राहिला. इतका हलका हात त्याने उस्तादानंतर कोणाचा पाहिला नव्हता. वितीची चार बोटं झाली.

"आता," ती म्हणाली.

त्याने उजवा अंगठा लावला. डाव्याच्या जागी तिने आपला लावला. टप् झालं आणि टायर बसला.

अक्षयने हवा भरली, चाक गरगर फिरवून पाहिलं. कुठे फुगवटा नाही, कुठे चिमटा नाही. "मान गए काका!" म्हणत तो सायकलवर बसला आणि उतारावरून सुसाट गेला.

"योगेंद्राला सांग," कडू म्हणाला. "चढला म्हणावं. हाताने चढला."

"हाव, सांगते. आणि कोणाच्या हाताने, असं विचारलं तर?" मनकर्णाने हसत विचारलं, आणि सवयीने बादलीतला तांब्या उचलायला वाकली.

कडूने तो तिच्या आधी उचलला. उजव्या हाताने तांब्याचा काठ धरला, लुळा डावा पंजा तळाशी टेकवला.

"कर हात पुढं."

"अगं बाई! मी? आधी तुम्ही..."

"कर म्हटलं ना."

तिने काळे झालेले तळवे पुढे केले. तांब्या हलत होता. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, अर्धं हातांवर पडलं.