गावची सुट्टी

“नाना, पुढचं गाव माझं,” सुकदेव म्हणाला. “सुट्टी द्या.”

भिकन सायकलींच्या घोळक्याच्या तोंडाशी वारा कापत होता. धुळ्याला झेंडा पडल्यापासून तोच पुढे होता. जानेवारीतला वारा थेट समोरून येत होता, आणि मागचे सगळे त्याच्या आडोशाने निवांत पायडल मारत होते.

“घे की. त्यात विचारायचं काय?”

सुकदेवने मान हलवली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. हँडलवर वाकला आणि पुढे निघाला.

धुळे-जळगाव शर्यतीतली ही जुनी रीत. ज्याचं गाव वाटेत लागेल त्याला घोळका पुढे सोडायचा. त्याने गावात उतरायचं, घरच्यांकडून ओवाळून घ्यायचं. बाकीचे तोवर संथ चालवत येणार, मग तो पुन्हा घोळक्यात. सुट्टी घेऊन कुणी पळायचं नाही, आणि तो उतरलेला असताना कुणी जोर करायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आजवर कुणी मोडलंही नव्हतं.

“आईच्या हातचे लाडू खिशात घालून आण रे!” साक्रीचा धनसिंग मागून ओरडला. “एकटाच हाणू नको.”

सगळे हसले. धनसिंग पुढे सरकून भिकनच्या बाजूला आला.

“नाना, मागे या आता. मी घेतो वारा.”

“राहू दे. तुझा दम तुला शेवटाला लागेल.”

“आणि तुमचा?”

भिकन हसला आणि हँडलवर आणखी वाकला.

तो अमळनेरला तेलाच्या कारखान्यात होता. इतकी वर्षं ही शर्यत खेळला, पण पहिला कधी आला नाही. कुणी दमलेला दिसला की हा म्हणणार, “माझं चाक धर.” त्याला आपल्या मागे घेऊन जळगावपर्यंत आणणार. शेवटची रेघ दिसली की मागचा बाहेर निघून पुढे जायचा, आणि भिकन चौथा नाहीतर पाचवा. त्याचं त्याला हसू यायचं.

त्याच्या बायकोला, यशोदाबाईला, मात्र हसू येत नसे. सरावाला येणारी पोरं तिच्याच घरी भाकरी खायची. ती वाढता वाढता ऐकायची. कोण कुठे दमतो, कोण कुणाचं चाक धरतो, तिला बठ्ठं ठाऊक. सुकदेव तर घरातलाच झाला होता. सायकल कशी धरायची इथपासून भिकननेच त्याला शिकवलं होतं.

यंदा भिकनचे गुडघे बोलायला लागले होते. ही शेवटची शर्यत, हे दोघांनाही माहीत होतं. सकाळी जळगावच्या एसटीत बसण्याआधी ती म्हणाली होती, “आज कुणाला ओढू नका. एकदा तुम्हाला पहिलं आलेलं बघू द्या. पुन्हा कधी काही मागणार नाही.”

“बघू,” तो म्हणाला होता.

“बघू नका. या.”

त्याच्याही मनात होतं. पण वारा समोरून आला आणि तो सवयीने पुढे गेला.

सुकदेवचं गाव आलं. रस्त्याच्या कडेला त्याची आई भागाबाई ताट घेऊन उभी होती. ताटातला दिवा जळत होता. सुकदेव नव्हता.

“अक्का, सुकदेव कुठे?”

“तो थांबना नही, नाना. सरळ गया.”

एवढं बोलून तिने तोंडाला पदर लावला. म्हातारीला लाज वाटली असेल, असं भिकनला वाटलं.

“पळाला?” धनसिंग म्हणाला. “सुट्टी घेऊन पळाला?”

भिकनचे कान तापले. चोरी केली असती तरी इतकं लागलं नसतं. त्याच्या चुलीवरची भाकरी खाल्लेला पोरगा, आणि नाना सरळ माणूस म्हणून त्यालाच फसवून गेला. त्याने चेन जड गिअरवर टाकली आणि उठून पायडल मारलं.

एरंडोलपर्यंत धनसिंग आणि आणखी दोघं आळीपाळीने पुढे येऊन वारा घेत होते. मग त्यांना पुढे येणंच जमेना.

“नाना, जरा दमानं! चाक सुटतंय माझं!”

भिकनने ऐकलं. दुसऱ्या कुठल्याही वर्षी तो थांबला असता. आज त्याने वळूनही पाहिलं नाही.

पाळधीच्या पुढे सुकदेव दिसला. एकट्याने वारा खाऊन त्याचे खांदे डुलायला लागले होते. भिकन रस्त्याच्या दुसऱ्या कडेने त्याच्या बरोबरीला आला.

“लाज नाही वाटली रे?”

सुकदेवला बोलायला दम उरला नव्हता. त्याने मागे येऊन चाक धरायला पाहिलं. भिकन डावीकडे सरकला. तोही सरकला. भिकन उजवीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला चाक दिलं नाही. थोड्या वेळाने मागच्या चेनचा आवाज येईनासा झाला.

जळगावात रेघ ओलांडली तरी तो पुढे कोण आहे ते बघत होता. पुढे कुणी नव्हतं. लोकांनी त्याला सायकलवरून उचलला, तेव्हा कुठे त्याला कळलं. गळ्यात हार पडला. हाराकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो यशोदाबाईला शोधत होता.

ती रस्त्याच्या कडेला बसली होती. तिच्यापुढे मागून येऊन पोचलेला सुकदेव आडवा पडलेला, आणि ती तांब्याने त्याच्या तोंडात पाणी घालत होती. तिचे डोळे भरून आले होते.

भिकन गर्दीतून वाट काढत तिथे गेला.

“याला पाणी पाजतेस?” तो ओरडला. “अगं, या पोराने दगा दिलाय! गावची सुट्टी घेऊन पळाला हा!”

“माहीत आहे,” तांब्या खाली न ठेवता यशोदाबाई म्हणाली. “मीच दिवाळीपासून त्याच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे तयार झाला.”