टॅक्सीला लागलेली नजर

बैलजोडी विकून चंद्रभानने जुनी अँबॅसिडर घेतली आणि हिंगणघाट ते गिरड टॅक्सी सुरू केली. दारात आलेल्या गाडीला कोणाची नजर लागू नये म्हणून त्याची बायको कोकिळा दर शनिवारी पुढच्या एका चाकाखाली लिंबू-मिरची ठेवायची आणि वरून गाडी न्यायला लावायची.

थोड्याच दिवसांत त्या चाकातली हवा हळूहळू उतरू लागली. ठिगळ लावलं की आठवडाभरात पुन्हा तेच. अर्ध्या वाटेत पंप मारावा लागणाऱ्या टॅक्सीला कंटाळून गिऱ्हाईक एसटीत बसू लागलं.

शेवटी पंक्चरवाल्या करीमभाईने अंगणातच चाक खोललं. टायरच्या आतून हात फिरवता फिरवता तो एकदम ओरडला आणि बोट चोखू लागला. मग पकडीने त्याने एक बारीक तार ओढून काढली. तारेला मिरचीचं वाळकं साल चिकटलेलं होतं.

"कोकिळे, हे तर तुह्याच लिंबू-मिरचीची तार आहे!" चंद्रभान कडाडला.

कोकिळाने तारेला हात जोडले.



"पाहा, नजर किती आत घुसली होती! बिचारी मिरची तिच्या मागं पार ट्यूबपर्यंत गेलती. आता शनवारी चारही चाकाखाली ठेवतो."