दयानंदचा मास्टर

कंधार शाखेची पहिली प्रत उघडून तनुजाने मराठीत दोन शब्द टाइप केले. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटला. तिने भाषा बदलायची खूण शोधली. यादीत मराठी नव्हतीच.

तिने मागे वळून पाहिलं. पतसंस्थेच्या नांदेडच्या मुख्य कार्यालयातली ही संगणकाची खोली. दयानंद खुर्चीत रेलून विभागप्रमुख संगमेश्वर सरांशी बोलत होता. मास्टर त्याचा होता. मास्टर म्हणजे सर्व्हरवर तयार केलेला एक पूर्ण डेस्कटॉप. त्याच्याच प्रती सोमवारी सगळ्या शाखांमध्ये सुरू व्हायच्या होत्या. तनुजानेही एक मास्टर बनवला होता. सरांनी दोन्ही पाहिले आणि दयानंदचा निवडला. दोघंही कंत्राटावर होते, आणि कायम एकालाच करायचं होतं. तनुजाच्या वाट्याला आलं ते प्रत्येक प्रतीला शाखेचं नाव, शाखेचा प्रिंटर, शाखेच्या परवानग्या लावायचं काम.

"केळीच्या बागेवानी हाय हे, दयानंदराव," सर सांगत होते. ते अर्धापूरचे. "एक झाड जातिवंत निघालं की त्याचीच रोपं लावायची. मग बागेत हिंडायची गरज न्हाई."

"तनुजा हिंडून राहिली की, सर. पाट्या लावत."

सर हसले. तनुजाही हसली.

मराठी का उमटत नाही, ती चूक तिला लगेच समजली. मराठी, मोठी अक्षरं, संस्थेचे नमुने, सगळं दयानंदने मास्टर बनवताना स्वतःच्या लॉगिनमध्ये लावलं होतं आणि तपासलंही तिथंच. तिथं सगळं चालत होतं. पण प्रत निघताना ते लॉगिन पुसलं जातं; प्रतीवर जो बसेल त्याला कोरी मांडणी मिळणार. तनुजाच्या मास्टरमध्ये ही चूक नव्हती. तिला पहिल्यांदा हेच आठवलं, आणि बरं वाटलं.

तिने सोमवार डोळ्यांसमोर आणला. कंधारच्या काउंटरवर तिथली कारकून शिवकन्या, तिचा फोन, सरांचा चेहरा, मग दयानंदचा चेहरा. दयानंदच्या चेहऱ्यापाशी ती बराच वेळ थांबली. पण त्या चित्रात काउंटरपुढची रांगही होती. बाजारासाठी गावाहून आलेली, परतीची एसटी गाठायची घाई असलेली माणसं. रांग काढून टाकून बाकीचं चित्र तिला ठेवता येईना.

प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना वाचते ती सेटिंगची फाइल तिने उघडली आणि एक ओळ घातली: मास्टरची मांडणी प्रत्येक नव्या वापरणाऱ्याला द्यावी. सगळ्या शाखांच्या प्रती पुन्हा काढल्या. किनवटची उघडून 'किनवट' असं लिहिलं. किनवट असंच उमटलं.

सांगावं म्हणून ती उठली. सरांचा हात दयानंदच्या खांद्यावर होता. सांगितलं तर चुगली दिसेल, नाही सांगितलं तर नाव त्याचं होईल. ती पाणी पिऊन आली आणि जागेवर बसली. एकच प्रत करायची राहिली होती.

सोमवारी पहिला फोन कंधारचा आला. सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"सर, लई भारी!" शिवकन्या म्हणाली. "पहिलीच खातेदार आली रुक्मिणबाई, तिचं नाव पहिल्या झटक्याला मराठीत आलं. अक्षरं पण अशी मोठाली, की चष्मा काढून ठेवला मी."

मग किनवटचा आला, मग अर्धापूरचा. सरांनी दयानंदच्या पाठीवर थाप मारली. "आजच आदेश काढतो. रुजू होतो म्हणून दोन ओळी टाइप करून आण."

दयानंद तनुजाच्या टेबलापाशी थांबला. "बघ, म्हणलो नव्हतो? बदलायला मी काही ठेवलंच न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझा मास्टर पण वाईट नव्हता गं."

"हाव," तनुजा म्हणाली. "तुझा नवा डेस्कटॉप पण तयार हाय. त्याच्यावरच लिही."

तो बसला. एक शब्द टाइप केला, खोडला, पुन्हा टाइप केला. भाषांची यादी उघडली, बंद केली, परत उघडली.

"इथं मराठी कामून न्हाई?"

सर मागून वाकले. "सगळ्या शाखांत चालून राहिलं, अन् तुझ्याच टेबलावर न्हाई?"

"शाखांच्या प्रतींत मला बदल करावा लागला," तनुजा म्हणाली. "ही एक तेवढी याच्या मास्टरसारखीच ठेवली. हात न्हाई लावला."

सर पडद्याकडून तिच्याकडे वळले.

"तुला ठाऊक होतं, तर बोललीस कामून न्हाई?"

दयानंदने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"बोलली की, सर," तो म्हणाला. "आत्ता बोलली."