गळलेला ‘जी’

“मी नाई सांगत ते माईकवर,” दुर्गा म्हणाली आणि पदर खोचून मांडवामागच्या ओट्यावर बसली.

न्यायमूर्ती संघप्रिया रामटेके यांच्या हातातला चहा हातातच राहिला. शाळेच्या अंगणात मांडव गच्च भरला होता. सरपंच लटारूभाऊ मॅडमच्या सत्काराची शाल घेऊन घामाघूम उभे होते. आणि जिच्या एका वाक्यासाठी मॅडम ताडोब्याच्या जंगलात, मोहर्लीच्याही पुढं, हाडं खिळखिळी करत या खेड्यात आल्या होत्या, ती बाईच अडून बसली होती.

मॅडम आठ दिवसांनी निवृत्त होणार होत्या. ब्रह्मपुरीत काळा कोट, मग गडचिरोलीत न्यायाधीश, मग थेट उच्च न्यायालय. चार हजार अपिलं ऐकली. बहुतेक फेटाळली, आणि फेटाळलेलं अपील कोण लक्षात ठेवतं? नाव राहणार होतं ते एकाच निकालामुळं. वकील मंडळी त्याला ‘मामा निकाल’ म्हणत आणि पाठीमागं मॅडमना ‘मामी’. मॅडमना ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडतही होतं.

झालं होतं असं. चौदा वर्षांपूर्वी दुर्गाचा नवरा जंगलात मेला. प्रेत सापडलं तेही अर्धंमुर्धं. पोलिसांनी घेतलेल्या जबाबाच्या कागदावर दुर्गाचं वाक्य होतं, “मामानं मारलं.” झालं! पोलिसांनी तिच्या आईचा सख्खा भाऊ दसरू उचलला आणि खालच्या कोर्टानं त्याला जन्मठेप ठोकली. तीन वर्षांनी अपील मॅडमपुढं आलं. त्यांनी तो कागद वाचला आणि टेबलावर थाप मारली. अरे, त्यांचे आजोबा जंगलात वाघाचं नाव कधी घेत नसत, ‘मामा’ म्हणत! हे कळायला झाडीपट्टीचंच माणूस हवं. दसरू सुटला, मॅडमचा पेपरात फोटो आला. आता निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाचं पहिलं पान त्याच निकालाचं होतं. त्यावर फक्त दुर्गाच्या तोंडचं ‘मामा म्हणजे वाघ’ एवढं हवं होतं.

“अगं, एवढं एकच वाक्य,” मॅडम म्हणाल्या. “माईकची भीती वाटते का?”

“भीती कायची जी? पण आमच्या गावात वाघाले मामा म्हणतच नाई. वाघच म्हणतो आम्ही.”

मॅडमनी चहाचा कप ओट्यावर ठेवला. “मग ‘मामानं मारलं’ म्हणालीस ते?”

“मी कुठी मामा म्हटलं? मी मामाजी म्हटलं.”

या मुलखात बोलण्याला ‘जी’ चिकटलेलाच असतो. हो जी, नाई जी, बसा जी. ठाण्यात जबाब लिहून घेणारा लांबचा होता. बाई आदरानं ‘जी’ लावते, असं समजून त्यानं तो गाळला होता. आणि मामाजी म्हणजे सासरा. हे मॅडमना कोणी समजावायची गरज नव्हती. त्यांच्या आईनं आजोबांना, त्याच वाघाला मामा म्हणणाऱ्या आजोबांना, उभ्या जन्मात दुसरी हाक मारली नव्हती.

हाय रे कर्मा! चार हजारांत एकच नाणं खणखणीत, आणि तेच खोटं निघालं.

“मंग तवाच काऊन नाई सांगितलं?” मॅडमच्या तोंडून कोर्टाची मराठी पार उडाली.

“दुसऱ्यांदा कशी सांगू जी? माह्या कडेवर लेकरू, अन् घरी तोच बसला होता. मोहाच्या झाडाच्या भांडणावरून पोटच्या पोरावर कुऱ्हाड उचलली त्यानं, मले सोडलं असतं? दसरूमामा सुटला तवा लय रडली मी. म्हटलं, चुकून का होईना, सुटला.”

तेवढ्यात माईकवरून लटारूभाऊंनी दुर्गाचं नाव पुकारलं. ‘सांभाळून घे बाई,’ हे शब्द मॅडमच्या ओठांवर आले होते. मांडवाच्या फटीतून पहिल्या रांगेत दसरू झेंडूचा हार घेऊन बसलेला दिसला. एका ‘जी’पायी हा माणूस तीन वर्षं आत सडला होता. मॅडमना स्वतःचीच लाज वाटली.

“जा,” त्या म्हणाल्या. “खरं तेच सांग.” आणि स्वतःही मागोमाग येऊन व्यासपीठावरच्या खुर्चीत बसल्या.

दुर्गानं खरं तेच सांगितलं. मॅडमनी डोळे गच्च मिटून घेतले. आता मांडव डोक्यावर घेतील लोक! पण कोणी जागचं हललंसुद्धा नाही. अख्ख्या गावाला ते कधीचंच माहीत होतं. पुढची एक म्हातारी तर चक्क पेंगत होती.

“अन् तो म्हातारा?” मॅडमनी खुर्चीतूनच विचारलं. “अजून मोकळाच फिरते?”

“नाई जी,” दुर्गा माईकमधूनच म्हणाली. “तुमचा निकाल लागला अन् महिन्याभरात त्याले वाघानं नेलं. वाघ तरी खुनाचा खोटा आळ कसा सहन करंल, बाई? त्यानं वर अपील केलं.”