हक्कसोड

"हिथं सही कर आनि मोकला हो," केसरीनाथशेठनी कागद पुढे सरकवला.

मोकळं होणं एवढं सोपं असतं तर आल्हाद सकाळीच झाला असता. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामावरच्या त्या पत्र्याच्या केबिनमध्ये तो दहा वाजल्यापासून बसून होता आणि कागदावरचं एकच वाक्य वाचून वाचून त्याचं डोकं उठलं होतं. 'हा प्रोग्राम संपूर्णपणे मी एकट्याने लिहिलेला असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही.'

प्रोग्राम साधाच होता. गोदामात कुठला माल कुठे पडलाय, किती आहे आणि कुठला आधी बाहेर काढायचा, एवढं सांगायचा. पण एका औषध कंपनीला तो इतका आवडला होता की तिला तो आपल्या सगळ्या गोदामांसाठी हवा होता, आणि कायमचा कुलूपबंद. तो मिळाला तर शेठची रिकामी पडलेली तिन्ही गोदामं कंपनी नऊ वर्षांसाठी घेणार होती. कंपनीची माणसं चार वाजता यायची होती. साडेतीन होऊन गेले होते.

"शेठ, किती वेळा सांगू? तो मी चार वर्षांपूर्वी नेटवर टाकला होता. ओपन सोर्स. कुणीही घ्या, वापरा, बदला. अट एकच, पुढे देताना तोही असाच उघडा द्यायचा. कुलूप लावायचं नाही. त्या अटीवर आणखी पाच जणांनी त्यात आपापलं लिहिलं. आता तो माझ्या एकट्याचा नाही."

शेठ चिडतील, असं त्याला वाटलं होतं. पण ज्या माणसाचं निम्मं आयुष्य तलाठ्याच्या दारात गेलं, त्याला हे समजायला किती वेळ लागणार? आल्हादच्या इंजिनिअर मित्रांना दोन-दोन तास समजावूनही जे कळत नव्हतं, ते शेठना एका दमात कळलं.

"म्हंजे सातबाऱ्यावर सहा नावं हायेत. मंग बाकीच्यांकडनं हक्कसोड घे."

"पाचही जणांना मेल केली. तिघं हो म्हणाले. ब्राझीलच्या एकाचा पत्ताच लागत नाही. आणि नागरकोइलच्या सेल्वी टीचर नाही म्हणतात."

"असा एकजन असतोच. काय मागते ती?"

"काही नाही. त्या म्हणतात, मी हे सगळ्यांना दिलं होतं, एकाला नाही."

हे मात्र शेठना झेपलं नाही. काहीच न मागणारा वारस त्यांच्या हिशेबात बसत नव्हता.

"तिनं लिवलेलं काढून टाक."

"औषधांच्या एक्स्पायरीचं सगळं त्यांनीच लिहिलंय. ते काढलं तर कंपनी याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही."

"तू लिव परत."

"तीन महिने लागतील."

खाली हॉर्न वाजला. पंढरी वॉचमनने गेट ओढल्याचा आवाज आला.

आल्हादला रडू फुटेल की काय असं झालं. सेल्वी टीचरना त्याने कधी पाहिलंही नव्हतं. पण दोन वर्षं दर रविवारी त्यांची मेल यायची. आधी त्याच्या चुका, एकेक करून, शाळेतल्या पोराला दाखवाव्यात तशा. आणि शेवटी 'वडिलांची तब्येत कशी आहे?' त्याच वडिलांसाठी, चिंतामणी गुरुजींसाठी, शेठ सात रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसले होते. गावात सगळे आल्हादला वेड्यात काढत होते तेव्हा शेठनीच त्याला हा कॉम्प्युटर आणि ही खुर्ची दिली होती. दोन्हीकडे भलीच माणसं, ही खरी पंचाईत होती. यातलं एक जरी बदमाश असतं तरी तो सुटला असता.

"कंपनी न्हाय आली तर तिन्ही गोदामं रिकामीच र्‍हातील," शेठ हळू आवाजात म्हणाले. "मंग तू हिथं बसून काय मोजशील? उंदरं?"

शेठ उठून खिडकीशी गेले. बाहेर त्याच तीन नव्या गोदामांचे निळे पत्रे उन्हात तापले होते.

"ती जागा पार्वतीच्या वाट्याची. माझी बहीन. ती बी न्हायच म्हनायची. तिला बी काय नको व्हतं, नुस्तं नाव र्‍हाऊ दे म्हनायची. शेवटी भिवंडीला कचेरीत नेली. तिला लिवता येत न्हवतं. मीच तिचा हात धरला आनि अंगठा उठवला."

"मग?"

"मंग काय? काम झालं."

जिन्यावर बुटांचे आवाज आले. दोघं असावेत, हसत बोलत वर येत होते.

"नऊ वर्सं झाली," शेठ खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "दर भाऊबीजेला जातो तिच्या दारी. आत असते. दार उघडत न्हाय."

क्षणभर आल्हादला वाटलं, आता शेठ वळतील आणि तो कागद ओढून घेतील. शेठ वळले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं आणि पेन कागदावर ठेवलं.

दार वाजलं.

शेठना त्याचा हात धरावा लागला नाही. आल्हादला लिहिता येत होतं.