रिकामा रकाना

"नाव सांगा बाई, कुदळी थांबवतो," ओव्हरसियर म्हणाला. कुसाबाईने पदर दातांत धरला.

तिच्या दारात चार बिगारी कुदळी टेकून उभे होते. मागे आळीतल्या दहा बायका. मध्ये भिमाजी. अंगात मुंबईचा कोट, हातात स्वतःच काढलेला नकाशा, आणि तोंडचं पाणी पळालेलं.

पंचवटीबाहेरच्या याच मळेकऱ्यांच्या आळीत तो लहानाचा मोठा झाला होता. बी.ए. झाला आणि मुंबईला नगररचना शिकायला गेला. एम.ए.च्या प्रबंधासाठी त्याने आपलीच आळी निवडली. कुठे गटार हवं, कुठे नळ, रस्ता किती रुंद. घरोघर छापील तक्ता घेऊन हिंडला आणि पहिल्याच रकान्यात अडला. पुरुष पहाटेच गाड्या जुंपून भाजी विकायला जात. दारात बायका भेटत. नवऱ्याचं नाव विचारलं की त्या आत पळत. नाव तोंडाने घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे भिमाजीला का ठाऊक नव्हतं? त्याच्या आईनेही कधी घेतलं नव्हतं. संध्याकाळी पुरुषांना विचारू म्हणून त्याने अकरा रकाने कोरे सोडले. तेवढ्यात प्राध्यापकांची तार आली, तो गाडीत बसला आणि रकाने राहूनच गेले. शुद्ध हलगर्जीपणा, दुसरं काय!

प्रबंधाची वाहवा झाली. सरकारी कचेरीने नकाशा मागवून घेतला, रस्ता मंजूर झाला. कोरा रकाना म्हणजे बेवारस घर, असं तिथे कुणीतरी ठरवून टाकलं. महिन्यापूर्वी चावडीवर नोटीस लागली, रस्त्यासाठी बेवारस घरं पाडली जातील. आळीतल्या लोकांनी ती वाचून घेतली आणि ते निर्धास्त राहिले. त्यांची घरं कुठे बेवारस होती?

मुदत आज संपत होती; कळताच भिमाजी रात्रीच्या गाडीने धावत आला होता. आणि आजच सिन्नरचा बाजार. आळीत औषधालाही पुरुष नव्हता.

"साहेब, चूक माझी आहे," भिमाजी म्हणाला. "अकराही नावं मी सांगतो ना."

"तुमच्याच कागदावर आलोय आम्ही. आता घरातल्या माणसाने स्वतः सांगितलं, तरच दावा लिहून घेता येतो. दावा लिहिला की काम थांबलं. नाहीतर माझा इलाज नाही."

शेजारच्या विणकराची बायको सकीना न राहवून पुढे झाली. "अवो, बारकू! तिच्या घरवाल्याचं नाव बारकू हाय. लिव्हा की!"

"शेजाऱ्याचं चालत नाही."

"मग उखाण्यात घ्या," एक बिगारी दात काढून म्हणाला. कुणीच हसलं नाही. हळदीकुंकवाला हौसेने नाव घेणं निराळं, आणि कुदळीच्या धाकाने परक्या पुरुषांसमोर घेणं निराळं.

ओव्हरसियरने घड्याळ पाहिलं आणि खूण केली. पहिली कुदळ भिंतीत घुसली. मातीचा मोठा पोपडा कुसाबाईच्या पायाशी पडला. भिमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, घ्या हो नाव! पाया पडतो तुमच्या."

कुसाबाईचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "घर पडलं तर पुन्हा बांधीन. त्यांना काय झालं, तर कुठून आणू?"

ओव्हरसियरही माणूसच होता. त्याने हात वर करून कुदळ थांबवली. "बाई, शेवटचं विचारतो. हा एक रकाना भरून द्या," तो म्हणाला, आणि रकान्यावर काय छापलंय ते त्याने मोठ्याने वाचलं, "हे घर कोणाचं?"

कुसाबाईने दातांतला पदर सोडला.

"माझं," ती म्हणाली. "माती मी तुडवली, भिंती मी रचल्या. लिव्हा, कुसाबाई."

 ओव्हरसियरने पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं. मागून सकीना ओरडली, "माझं बी लिव्हा!" आणि एकच गलका झाला.

भिमाजी आ वासून पाहत होता. "मावशी, मग हे त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"भिमा, तू घर कुनाचं ते कुठं इचारलं व्हतं? तू नवऱ्याचं नाव इचारलं व्हतं."